एक ठोका थांब, दोन ठोके खाली

देवाशपथ, गळ्याशपथ, आणि पाहिजे तर माझ्या उरलेल्या साडेचार दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला पटणार नसेल त्याने आत्ताच उठून जावं. मधेच "असं कुठे असतं का" म्हणणाऱ्याला मी नंतर पाणीसुद्धा विचारणार नाही.

तर एक सून होती. औषधांच्या दुकानात कामाला. दिवसभर गोळ्या मोजायच्या, पुडीत घालायच्या आणि "जेवणानंतर एक, झोपताना अर्धी" असं सांगायचं. हाताला इतकी सवय लागलेली की घरी वाटाणे सोलतानासुद्धा पाच-पाचचे ढीग करायची. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्यामुळे घरात खरी माणसं तीनच. ती, सासू आणि सासरा.

सासरेबुवा खाणीतले. वर डोंगरावर तांब्याची खाण होती, ती बंद पडून बावीस वर्षं झालेली. खाणीत माणसं उतरवायला आणि वर काढायला एक लोखंडी पिंजरा असायचा, आणि तो पिंजरा ओढणारं इंजिन सासरेबुवांच्या ताब्यात. एकतीस वर्षं एका खुर्चीत, एका दांड्यापाशी. हात इतका हलका म्हणे, की खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या तळाशी कोंबडीचं अंडं ठेवलं आणि त्यावर अकरा माणसांनी भरलेला पिंजरा टेकवला, तर अंड्याला तडा नाही. ते अंडं नंतर उकडून खाल्लं, असंही लोक सांगतात.

सासू त्याच खाणीत दिव्यांच्या खोलीत. खाली जाणाऱ्याला खिडकीतून दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. शेवटचा दिवा खुंटीला लागेपर्यंत ती बाई घरी जायची नाही. म्हणजे नवरा-बायको दोघंही एकाच धंद्यातले, गेला तेवढा परत आला की नाही बघण्याच्या. असली सासू मिळाली की सुनेची काय गत होते ते सांगायला नको. दुधाला गेलीस, किती वेळ लागला? दुकान सातला बंद, सव्वासात का वाजले? दोन वर्षं झाली लग्नाला, पण सून घरात जरा चोरासारखीच वावरायची.

सासूच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तीन दिवस सासू परगावी. पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि बोट वर करून म्हणाली,

"सकाळची गोळी चुकवायची नाही. गॅस दोनदा बघायचा. आणि यांना डोंगरावर न्यायचं नाही."

"नाही नेणार, आई."

"नेशील. तो माणूस तुला गुंडाळणार, मला इथूनच दिसतंय. तर नेलंसच तर एक लक्षात ठेव, वर एक क्षण एकटं सोडायचं नाही. सगळा डोंगर आतून पोखरलेला आहे, वाळवी लागलेल्या दारासारखा. वरून रंग छान, बोट लावलं की आरपार."

बस कोपऱ्यावरून वळते न वळते तोच सासरेबुवा काठी घेऊन तयार.

"बाबा!"

"फक्त इंजिनघर बघायचं गं. वरचं मोठं चाक पुढच्या महिन्यात भंगारात जाणार म्हणे. एकदा हात लावून येतो. दोन तासांची वाट."

"आईंना कळलं तर?"

"कोण सांगणार? मी नाही सांगत. तू सांगणारेस?"

आता बघा, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, खाण बंद झाल्यापासून तोंडातल्या तोंडात बोलणारा, तो दारात लहान मुलासारखा उभा. सून विरघळली. डब्यात उकडलेली अंडी आणि पाव घेतले, थर्मासात चहा घेतला, सुट्टीच्या दिवसासाठी घेतलेले नवेकोरे बूट घातले आणि निघाली. नव्या बुटांनी डोंगर चढायचा नसतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वाट चांगली होती सुरुवातीला. पूर्वी खनिजाचे डबे ज्या रुळांवरून खाली यायचे ती वाट. रूळ कधीच चोरीला गेलेले, पण खालचे लाकडी ओंडके जागोजाग शाबूत, पायाखाली शिडीसारखे. दोन्ही बाजूंना राखाडी दगडांचे ढीग, त्यांच्यावर बावीस वर्षांत गवताचं पातंसुद्धा उगवलेलं नाही. मधेच एक ओढा, पाणी असं हिरवट की तोंड धुवावंसं वाटू नये. एक मोडकी चिमणी, तिच्या टोकावर झुडूप. सासरेबुवांची जीभ सुटली होती. इथे लोहाराची भट्टी, इथे वजनकाटा, इथे एकदा मुकादम घसरला आणि तडक गावात पोचला, पगाराच्या दिवशी!

"आणि गवत बघत चल. जिथे गवत सगळ्यात हिरवं, सगळ्यात लुसलुशीत, तिथे पाय टाकायचा नाही. खाली जुनी विहीर असते, वर कुजक्या फळ्या. एकूण सतरा आहेत. मला सतराच्या सतरा पाठ आहेत."

 पुढचा अर्धा तास सून गवताकडेच बघत चालली. सासरेबुवा तिला खाणीतून इंजिनवाल्याला यायच्या त्या घंटांच्या खुणांचा अख्खा पाढा समजावत होते, किती वाजल्या की काय करायचं, आणि ती "हो बाबा, हो का बाबा" करत होती. ऐकत कोण होतं? टाचेला फोड आलेला, आणि दर दहा पावलांवर कुठलंतरी हिरवं गवत डोळे वटारून बघत होतं.

बरंच वर आल्यावर जुनी धुण्याची शेड लागली. म्हणजे कपडे नव्हे, खनिज धुण्याची. छप्पर गेलेलं, भिंती उभ्या. वरच्या इंजिनघरापासून इथपर्यंत पाणी आणणारा एक लोखंडी पाइप, मांडीएवढा जाड, डोंगरउतारावरून सरळ खाली आलेला. रुळांची वाट मात्र वळसे घेत वर जाते.

सुनेने बूट काढला तर मोजा रक्ताने भिजलेला.

"तू बस इथे," सासरेबुवा म्हणाले. "हे काय, इथून इंजिनघर दिसतंय. मी वाटेनेच जातो, वाटेनेच येतो. वीस मिनिटं."

"नको बाबा. आईंनी सांगितलंय..."

"तिने डोंगरावर येऊ नको असंही सांगितलं होतं."

 ऊन होतं. इंजिनघर खरंच समोर दिसत होतं, लाल विटांचं, वर ते मोठं चाक. म्हातारा ताठ चालत गेला, दोन वळणांवर हातही हलवला. तिसऱ्या वळणावर दिसला नाही, कारण तिसरं वळणच दिसेनासं झालं.

धुकं आलं. आलं म्हणजे कसं, आधी चाक गेलं, मग विटा गेल्या, मग समोरचा ढीग, मग शेडची पलीकडची भिंत. सुनेला स्वतःचा उघडा पाय दिसत होता तेवढाच. धुकं एवढं दाट होतं की कावळे उडायचं सोडून पायी चालले होते. एक तर तिच्यासमोरून गेला.

"बाबा!"

आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच मेला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. सून शेडच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. पुढे जावं तर गवत दिसत नाही, हिरवं कुठलं आणि पिवळं कुठलं. थांबावं तर तो म्हातारा वर एकटा, आणि सतरा विहिरी. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. मग तिचा हात पाइपाला लागला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाइप थेट इंजिनघरापर्यंत जातो! लोखंडातून आवाज जाईल! तिने दगड उचलला आणि ठोकायला लागली. ठण ठण ठण ठण ठण, दोन्ही हातांनी, जीव खाऊन. या, बाबा, या, इकडे आहे मी, या!

थांबली. पाइपाला कान लावला.

लांबून, खूप लांबून, एक ठोका आला. ठण्.

अगं बाई, त्या पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. जिवंत आहेत! तिने परत सपाटा लावला. परत एकच ठोका. आता येतील म्हणून वाट बघितली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणी आलं नाही. पुन्हा ठोकलं. पुन्हा एक. असं करता करता तास झाला. ती शंभर ठोके मारायची, वरून एक यायचा, आणि माणूस काही यायचा नाही.

आता तिच्या मनात काय काय यायला लागलं ते बघा. एकच ठोका का? दोन का नाहीत? कारण दुसरा मारायची ताकद नाही. कुठल्यातरी विहिरीत पडलेत, कंबर मोडली आहे, पाइपाचं टोक हाताशी लागलंय आणि सगळं बळ एकवटून एक ठोका मारतायत. आणि ठोका दर वेळी जरा बारीक होतोय का? होतोयच.  दगड धरलेली बोटं सोलवटली होती, ते तिला कळलंसुद्धा नाही.

फोन काढला तर रेंज नाही. शेडमागच्या दगडांच्या ढिगावर ती चार पायांवर चढली, एका बुटाने आणि एका मोज्याने. टोकावर रेंजची एक कांडी आली. आता करायचा कुणाला? नवऱ्याचा बंद. गाडी चालवताना तो बंदच ठेवतो. खालच्या गावातली माणसं यायची तर दोन तास, आणि या धुक्यात त्यांना तरी काय दिसणार? या डोंगराची आणि त्या म्हाताऱ्याची, दोघांची खडान्‌खडा माहिती असलेलं माणूस जगात एकच होतं. सुनेने डोळे मिटले. खरं सांगते, त्या क्षणी कुणी तिला विचारलं असतं, विहिरीत उडी मारतेस की हा फोन करतेस, तर तिने विचार करायला वेळ मागून घेतला असता.

"आई, मी बोलतेय."

"गॅस राहिला का?"

"नाही... आई, मी बाबांना डोंगरावर आणलं. धुक्यात हरवलेत. मी खाली शेडमध्ये होते, ते एकटे..."

 पलीकडे दवाखान्यातली नर्स कुणालातरी "थेंब घातलेत, डोळा उघडू नका" म्हणत होती. सून मान खाली घालून उभी राहिली. आता फुटणार.

"शेड कुठली? धुण्याची?" सासूचा आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारल्यासारखा.

"हो. पाइप ठोकला मी. वरून उत्तर येतंय, पण ते येत नाहीत. एकच ठोका मारतात, आई, त्यांना काहीतरी झालंय..."

"थांब. तू किती मारलेस?"

"खूप! तासभर मारतेय, सलग!"

"किती?"

"मोजले नाहीत हो."

"दिवसभर लोकांच्या गोळ्या मोजतेस आणि इथे मोजले नाहीस?" आणि मग ती बाई चक्क एक सुस्कारा सोडून म्हणाली, "अगं, तूच त्यांना बसवून ठेवलंयस. सलग घंटा म्हणजे अपघात. सलग वाजली की जागचं कुणीही हलायचं नाही, इंजिनवाल्याने तर दांडा सोडायचाच नाही. ते एक ठोका देतायत म्हणजे सांगतायत, थांबलोय. आणि तू परत सलग मारतेस. बसलेत ते. आता पाऊस येऊ दे नाहीतर भूकंप होऊ दे, उठायचे नाहीत. खाणीत पाणी शिरलं होतं तेव्हा धाकटा भाऊ खाली होता यांचा, तरी एकोणीस तास खुर्चीतून हलले नाहीत. म्हणून तर सगळे वर आले."

सून मटकन खाली बसली. बसली तर रेंज गेली. उठली तर आली. मग एका पायावर, हात वर करून, बगळ्यासारखी उभी राहून तिने उरलेलं ऐकलं.

"नीट ऐक. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली. तीन म्हणजे माणसं आहेत, हळू. चार म्हणजे वर. जे देशील तेच वरून परत येईल, तेव्हा समज की पोचलं. आता आधी दहा मिनिटं काही वाजवू नकोस. अपघात मिटला हे कळायला दहा मिनिटं शांतता लागते. मग तीन. मग दोन. आणि दोन दिलेस की पाइपाला हात लावायचा नाही. माणूस चालू असताना चुकून एक जरी वाजला तरी तो आहे त्या पावलावर थांबेल. समजलं?"

"हो. आई, मी चुकले, मी..."

"ते नंतर. माझा एक दिवा अजून वर आलेला नाही. तो आला की बघू तुझ्याकडे. जा."

सून ढिगावरून घसरत खाली आली. दहा मिनिटं. औषधाच्या दुकानात दहा मिनिटांत तीन गिऱ्हाइकं होतात, इथे ती दहा मिनिटं संपता संपेनात. घड्याळाचा काटा जणू चिकटपट्टी लावून ठेवलेला. झाली एकदाची. तिने दगड घेतला. ठण्. ठण्. ठण्. आणि श्वास धरला.

ठण्. ठण्. ठण्.

तीन! बरोबर तीन, ठसठशीत, मोडक्या कंबरेच्या माणसाचे नव्हेत. तिने दोन मारले. वरून दोन आले. सून हसली, रडली, नाक पुसलं. दगड लांब ठेवला, हात काखेत दाबले आणि नुसता कान पाइपाला लावून बसली.

आणि तिला ऐकू आलं. पाइपातून. खर्र... टक. खर्र... टक. काठीचं लोखंडी टोक पाइपाला घासत होतं. तिला आधी बरंच वाटलं, येतायत. मग लक्षात आलं. पाइपातून ऐकू येतंय म्हणजे म्हातारा पाइपाला धरून येतोय. वाटेने नाही. वाटेनेच येतो म्हणाले होते, पण सरळ उतारावरून, जवळच्या रस्त्याने येतायत. का? तर त्यांना वाटत असणार, खाली अपघात झाला तो सुनेला.

हे काही सासूने सांगितलं नव्हतं. थांबवू की नको? हात लावायचा नाही, असं बजावलंय. आणि सतरा विहिरी त्यांना पाठ आहेत, पाइपाखाली एखादी असती तर ते आले असते का? नसेल. नसेलच. खर्र... टक. खर्र... टक. आवाज मोठा होत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालेलं. तिने मोजायला सुरुवात केली, दुसरं काही सुचेना म्हणून. चाळीस टक. एकेचाळीस. बेचाळीस.

त्रेचाळीसला पाइप वाजला नाही, थरथरला. कानाखाली आधी बारीक खडे घरंगळल्याचा आवाज, मग मोठे. मग खड्यांचं काहीच नाही. काहीच नाही. काहीच नाही. आणि मग कुठून तरी पार खालून, डोंगराच्या पोटातून, डुबुक.

सासूने काय सांगितलं होतं, दगड कुठे ठेवला होता, कशाचं काही भान राहिलं नाही. हातातलं घड्याळच तिने पाइपावर आपटलं. एकदा. एकदाच.

खर्र थांबलं.

डोंगरावर सगळं थांबलं. सुनेचा श्वाससुद्धा. तिने कान लावला. पडले? उभे आहेत? मग अगदी जवळून, काठीचा एक ठोका. थांबलोय.

आता हाका मारायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण हाक ऐकून माणूस पुढे येतो. हाक मारायला उघडलेलं तोंड तिने हाताने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने, मोजून, चार ठोके दिले. वर. मागे फिरा, बाबा.

उत्तर येईना. चौऱ्याहत्तर वर्षांचा हट्टी माणूस. सून खाली जखमी पडलीय असं समजून निघालेला, आणि खालून कुणीतरी सांगतंय मागे फीर. मानेल का? मी असते तर मानलं नसतं. पण एकतीस वर्षं त्या माणसाने घंटेला कधी "का" म्हणून विचारलं नव्हतं. ठण्, ठण्, ठण्, ठण्. चार परत आले. आणि खर्र... टक हळूहळू लांब जायला लागलं. बेचाळीस. एकेचाळीस. सून उलटे आकडे मोजत बसली. शून्य झालं तेव्हा तिने एक ठोका दिला, त्याचा एक परत आला, आणि मग ती उठली.

रुळांच्या वाटेने वर गेली. दिसत नव्हतंच काही. पायाने ओंडका चाचपायचा, सापडला की त्यावर उभं राहायचं, मग पुढचा. फोडाचा पाय तर आग आग करत होता. दहा मिनिटांच्या वाटेला तिला पाऊण तास लागला. विटा हाताला लागल्या, दार लागलं, आत सासरेबुवा आपल्या जुन्या खुर्चीच्या सांगाड्यात बसलेले, हात दांड्यावर. दांडा कधीच कापून नेलेला, बोटभर तुकडा उरलेला. त्याच्यावर हात.

तिला बघितलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की तिला बघवेना.

"पाय मोडला नाही तुझा?"

"नाही बाबा. फोड आलाय."

"फोड? दीड तास मी इथे बसून... आणि खाली फोड?" मग डोळे पुसत ओरडले, "कुणी शिकवलं तुला चार मारायला?"

"आईंनी."

"मेलो," सासरेबुवा म्हणाले. "तिला कळलं?"

चार वाजता वारा सुटला आणि धुकं गेलं. दोघं दारात आली आणि पाइपाच्या रेषेवर बघितलं. उताराच्या मध्यावर डोंगराला भोक पडलेलं. अठरावी जागा, सासरेबुवांच्या पाढ्यात नसलेली, ते घरी बसल्यानंतर कधीतरी आत कोसळलेली. एखादा ट्रक उभाच्या उभा आत जाईल एवढी. आणि पाइप तिच्यावरून इकडून तिकडे पुलासारखा लटकलेला. म्हातारा आंधळ्यासारखा त्याच पुलाला धरून चालला होता. जपून तिथवर उतरून बघितलं, तर काठ जिथे संपतो तिथे ओल्या मातीत काठीच्या टोकाचं एक भोक होतं, आणि भोकापासून कडा एक वीत. एकच वीत! सुनेने बोटं ताणून मोजली.

सासरेबुवांनी ते बघितलं. खाली बसले.  मग म्हणाले, "बोटांना काय झालंय तुझ्या? घड्याळ फुटलं काय? दाखव इकडे." आणि स्वतःच्या रुमालाने तिची सोलवटलेली बोटं बांधली, आधी उजवी, मग डावी.

फोन लागला तो वाटेवरच्या शेवटच्या वळणावर. पहिल्याच रिंगला उचलला.

"किती?" सासूने विचारलं.

"दोघं, आई."

पलीकडे कुणीतरी बाकड्यावर बसल्याचा आवाज आला. मग कुठे त्या बाईने तोंड उघडलं. पंचवीस मिनिटं. नर्सने तीनदा हळू बोलायला सांगितलं, शेवटी नर्सच बाहेर गेली. सून म्हणे फोन कानाला धरून रस्त्यावर हसत होती. शिव्या खात होती आणि हसत होती. सासरेबुवा मात्र चार पावलं मागे राहून, आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने, झाडाची पानं बघत होते.

पुढच्या रविवारी तिघंही वर गेली, सासू सगळ्यात पुढे. भोकाभोवती खांब ठोकले, दोरी बांधली, लाल फडकी लावली. आणि सासूने सुनेला सगळ्या खुणा परत म्हणायला लावल्या, तीनदा, न चुकता.

झालं. सगळं असंच घडलं, शपथ घेतली ती उगीच नाही. फक्त ती एक वीत माझी. खरं विचाराल तर अंतर चार पावलं होतं, सुनेने स्वतः मला सांगितलंय. पण काय करू, चार पावलं म्हटलं असतं तर तुमच्यातला कुणीतरी तिथेच म्हणाला असता, "मग काय, बराच लांब होता की!" आणि त्या बिचारीचं घड्याळ फुकट गेलं असतं.